आमची वाटचाल : शंभराला एक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराकडून स्टीलची 200 लिटरची भट्टी करून घेतली, तेव्हा त्याला वाटलं आम्ही अत्तर काढणार. कुत्र्यांपासून माश्या दूर ठेवायचं तेल म्हटल्यावर वेल्डिंग थांबवून तो बघतच राहिला. भट्टी अजून तीच आहे, फक्त वाफ थंड करणारी कंडेन्सरची नळी दोनदा बदलली. गवती चहा रात्रभर सुकवून सैल भरायचा; कोंबून भरला की वाफ एकाच बाजूनं वाट काढते. 100 किलोला अर्धा किलोही तेल उतरत नाही. तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये पाण्यावर ते पिवळं तरंगायला लागलं की आजही माझा पाय तिथून निघत नाही.

पहिलं गिऱ्हाईक एका तालमीचे वस्ताद. त्यांच्याकडे कारवानी कुत्री होती. बाटली उघडून आधी स्वतःच्या मनगटावर थेंब लावायचे, तालमीला एक चक्कर मारून यायचे, मग म्हणायचे, "झोंबत नाही. आता हिला दाखव." दाखव, लाव नव्हे. कुत्री हुंगून मागं सरली तर त्या दिवशी तेल लावायचं नाही. हा नियम त्यांचा, आम्ही तो उचलला.

पुढची वर्षं बरी गेली. 2019 च्या महापुरात शाहूपुरीतल्या गोदामात पाणी शिरलं, पण ते साऱ्या कोल्हापूरनं सोसलं. आम्हाला खरं बुडवलं ते एका माणसानं. आमच्यासारखीच तपकिरी बाटली, तसंच हिरवं लेबल, निम्मा भाव, आणि आत टी ट्रीचं निव्वळ तेल. 'नैसर्गिक आहे, गोचिडांवर थेट लावा.' ऑस्ट्रेलियातल्या झाडाचं हे तेल विरळ न करता सात-आठ थेंब लागलं तरी कुत्र्याला विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, हे धंद्यातल्या माणसाला माहीत नसावं?

एका संध्याकाळी एक बाई पामेरियनला कडेवर घेऊन दुकानात आल्या. लाळ गळत होती, अंग थरथरत होतं, मागचे पाय लुळे. बाटली त्याची, शिव्या आम्हाला. बायकोनं भांड्याच्या साबणानं तेल धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालो. कुत्रं वाचलं, आमचं नाव गेलं. महिन्याभरात दुकानदारांनी पेट्या परत पाठवल्या. त्यानं मात्र लेबल बदललं, चूक शेवटपर्यंत मान्य केली नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हा वस्ताद स्वतः दुकानं फिरले. एका मनगटावर आमचा थेंब, दुसऱ्यावर त्याचा. लाल झालेला हात काउंटरवर ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. तीन दुकानांनी त्याच आठवड्यात माल पुन्हा मागवला.

कुत्रं पाळणाऱ्यांना एवढं सांगतो. 100 मिली खोबरेल तेलात गवती चहाचं निव्वळ तेल 1 मिली, म्हणजे साधारण 20 थेंब, याच्या वर जाऊ नका. डोळे, नाक आणि चाटता येईल ती जागा सोडा. पिल्लू, गाभण कुत्री यांना लावू नका. घरात मांजर असेल तर तेल नकोच, तिच्या यकृताला ते झेपत नाही. आणि आमच्या तेलानं माश्या दूर राहतील, गोचीडताप बरा होणार नाही. कुत्र्यानं खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या तर आधी रक्त तपासा.

परवा त्याच दुकानदारांपैकी एकाचा फोन आला. "जरा कडक माल द्या, गिऱ्हाईक म्हणतंय वास येत नाही." दोन डझन बाटल्या पाठवल्या, शंभराला एकच्याच.