हातात किती पडले?

आमचे अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये ३५ वर्षं कामाला होते. दिवसभर डोळ्यांसमोरून नोटांच्या थप्प्या जायच्या आणि सुट्टी झाली की झडती देऊन माणूस जेलरोडच्या घरी यायचा. त्यामुळेच असेल, मोठ्या आकड्यांनी ते कधी हुरळले नाहीत. कुणाला नोकरी लागो, कुणाची जमीन विकली जावो, कुणाला बक्षीस मिळो, त्यांचा प्रश्न ठरलेला: "हातात किती पडले?"

२००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा मी दहावीला होते. रात्री ९ वाजता आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकले त्या रात्री शेजारच्या काकूंनी साखर वाटली. अण्णांनी साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "हातात किती पडतील?" कुणालाच सांगता येईना. आज शरणपूर रोडवर माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. या प्रश्नाचं उत्तर देण्यावरच माझं घर चालतं.

प्रश्नमंजुषांचं वेड मात्र तेव्हापासून सुटलेलं नाही, आणि या खेळातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे अमेरिकेचा केन जेनिंग्ज.

सॉल्ट लेक सिटीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारा, तिशीचा माणूस. वडील वकील, नोकरी परदेशात, म्हणून बालपण दक्षिण कोरिया आणि सिंगापूरमध्ये गेलेलं. 'जेपर्डी' या तिकडच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत पूर्वी पाच डाव जिंकले की विजेत्याला निरोप द्यायचे. २००३ मध्ये ती मर्यादा उठली आणि पुढच्याच वर्षी, २ जून २००४ ला, जेनिंग्ज पहिल्यांदा पडद्यावर दिसला. तिथून तो सलग ७४ डाव जिंकला. तो विक्रम अजून तसाच आहे.

पहिला डाव तर थोडक्यात वाचलेला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं मॅरियन जोन्स ही धावपटू. यानं नुसतं 'जोन्स' लिहिलं. परीक्षकांनी ते मान्य केलं, नाहीतर तो त्याच दिवशी तिसरा येऊन घरी गेला असता. (पुढे २००७ मध्ये जोन्सची ऑलिम्पिक पदकंच काढून घेतली गेली.)

नुसती माहिती असून तिथे भागत नाही. निवेदक प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत बटण दाबायचं नाही. वाचून झालं की फळ्याच्या कडेचे दिवे लागतात, आणि त्याआधी दाबलं तर क्षणभर तुमचं बटण बंद होतं. तेवढ्यात दुसरा घुसतो. त्यात एका दिवसात पाच भागांचं चित्रीकरण. जिंकलात की कपडे बदला आणि पुन्हा उभे राहा. अशा परीक्षेत या माणसानं २,७०० हून जास्त उत्तरं बरोबर दिली. मला त्यात वर्षानुवर्षं केलेलं वाचन दिसतं. नशिबानं एखादा डाव जिंकता येईल, ७४ नाही.

आणि तो हरला कसा, हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. ३० नोव्हेंबर २००४ चा भाग. शेवटच्या प्रश्नात विचारलं होतं की, कोणत्या कंपनीच्या ७०,००० हंगामी पांढरपेशा कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातून चारच महिने काम करतात? जेनिंग्जनं लिहिलं 'फेडेक्स'. नाताळचा हंगाम, पार्सलांची गर्दी, असा हिशेब त्यानं केला असावा. बरोबर उत्तर होतं 'एच अँड आर ब्लॉक', म्हणजे लोकांचे कराचे विवरणपत्र भरून देणारी कंपनी. त्याच्यासमोर खेळणारी नॅन्सी झर्ग १४,४०१ डॉलरवर जिंकली, तो ८,७९९ वर राहिला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा जुलै चालू होता. टेबलावर फॉर्म १६ चा ढीग होता आणि माझ्याकडेही दोन मुली हंगामापुरत्या कामाला होत्या. मी दोघींना हाक मारून ती गोष्ट सांगितली. त्या कंपनीनं नंतर जेनिंग्जला आयुष्यभर फुकट कर सल्ला देऊ केला, हेही सांगितलं.

७४ विजयांचे २५,२०,७०० डॉलर, शेवटच्या दिवशी दुसरा आल्याचे २,०००. त्या वर्षी अमेरिकेत केंद्रीय आयकराचा सर्वात वरचा दर ३५ टक्के होता आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियात होत असल्यामुळे त्या राज्याचा कर वेगळा.

आपल्याकडे काय होतं, ते मी ऑफिसात पाहिलेलं आहे. जिल्ह्यातले एक शिक्षक अशाच एका कार्यक्रमात साडेबारा लाख जिंकून आले. गावानं मिरवणूक काढली. सरांनी वरच्या मजल्याचं काम गवंड्याला सांगूनही टाकलं होतं. खात्यात ८,७५,००० आले, कारण ३० टक्के आधीच कापलेले. त्या कापलेल्या करावर ४ टक्के उपकराचे आणखी १५,००० मी भरायला लावले, तेव्हा सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "मॅडम, पुस्तकांना किती खर्च झाला, तो तरी वजा करा ना."

तो वजा होत नाही. आयकर कायदा लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि जुगार या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो. त्या रांगेत प्रश्नमंजुषाही येते. खर्चाची वजावट नाही, करमुक्त मर्यादेचा फायदा नाही. कर घ्यावा, जरूर घ्यावा. पण वीस वर्षं वाचनालयाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस आणि टपरीवर तिकीट घेणारा माणूस कायद्याला सारखेच दिसावेत, हे मला पटत नाही. या अन्यायाबद्दल मी दरवर्षी, भेटेल त्याला, सांगत आले आहे.

कर कापून गेल्यावर उरलेल्या पैशाचंही सोपं नसतं. बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार २०११ मध्ये 'करोडपती'त पाच कोटी जिंकले. त्याआधी ते महिना ६,००० वर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कर जाऊन साडेतीन कोटींच्या आसपास उरले असतील. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की त्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वात वाईट होता. गुप्तदान मागणाऱ्यांची रांग, फसवणूक, घरात भांडणं. ते सारं मोकळेपणानं लिहायला धैर्य लागतं. आपल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत १,५०० रुपये महिन्यावर खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्या एक कोटी जिंकल्या, आणि अमिताभनी काय घेणार विचारल्यावर त्यांनी मोबाइल म्हटलं. तो भाग पाहताना आई रडली होती.

मागच्या रविवारी अण्णांना जेनिंग्जची सगळी गोष्ट सांगितली. आता ते ८१ वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, म्हणून आकडे कागदावर मोठे लिहून दाखवले. त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर ३५ टक्के स्वतः काढले, दोनदा तपासले. मग चष्मा काढून विचारलं,

"आणि आता काय करतो तो?"

म्हटलं, नोकरी सोडली, पुस्तकं लिहिली. २०२० मध्ये विजेत्यांच्या स्पर्धेत आणखी दहा लाख डॉलर जिंकले. आणि आता त्याच कार्यक्रमाचा निवेदक आहे, प्रश्न तोच वाचतो.

"म्हणजे पगार चालू आहे?"

"चालू आहे."

"मग बरंय," म्हणाले, आणि बिल घडी घालून खिशात ठेवलं. भरायची तारीख मंगळवारची होती.