जेनेटिक्सची बीएस्सी: माश्या, गूळ-रवा आणि आजीचं गणगोत

नीटमध्ये माझे मार्क बेतास बात होते. वर्षभर थांबवून मला पुन्हा क्लासला घालायची पप्पांची तयारी होती, माझी नव्हती. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं एका रात्रीत बंगळूर गाठता येतं, मावशी तिथं राहते, आणि तिथं बीएस्सीला जेनेटिक्स, म्हणजे आनुवंशिकतेचं शास्त्र, हा मुख्य विषय म्हणून घेता येतो, एवढ्यावर निर्णय झाला. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत जेनेटिक्स म्हणजे झूऑलॉजी, बॉटनी नाहीतर बायोटेकमधले एक-दोन पेपर. बंगळुरात आमच्या वेळी तीन मुख्य विषयांची पद्धत होती. मी बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि बायोटेक्नॉलॉजी घेतलं. तिन्हींना सारखेच तास. त्यामुळे "जेनेटिक्सची डिग्री" असं मी सांगते तेव्हा ते खरं तर एक तृतीयांशच खरं असतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळं इंग्रजीत, आणि वर्गात आजूबाजूला कन्नड. पण भाषेचा त्रास पहिल्या सहामाहीत ओसरला. खरा झटका दिला तो विषयानं. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, गणित नको म्हणून इकडे यायचं, अशी बारावीपर्यंतची समजूत. इथे पहिल्या आठवड्यापासून फळ्यावर आकडे. मेंडेलच्या वाटाण्याचा तक्ता सगळ्यांनी शाळेत पाहिलेला असतो, दुसऱ्या पिढीत तीन गोल दाण्यांमागे एक सुरकुतलेला, तीनास एक, हेही तोंडपाठ असतं. पण त्याला प्रत्यक्षात मिळाले होते ५४७४ गोल दाणे आणि १८५० सुरकुतलेले. भागून पाहिलं तर २.९६ येतात, तीन नाही. मॅडमनी विचारलं, "मग तीनास एक कशावरून?" वर्ग गप्प. त्या तासाला त्यांनी काय-स्क्वेअर शिकवला, म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत ते तपासायची कसोटी. अपेक्षित आकडे ५४९३ आणि १८३१, फरक १९ चा, उत्तर येतं ०.२६. मर्यादा ३.८४ ची, आपण तिच्या खूप आत. म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, आणि तीनास एक हा अंदाज टाकून द्यायचं कारण नाही. "सिद्ध झालं" असं लिहिणाऱ्यांचे त्या मार्क कापायच्या. पुढची तीन वर्षं एका अर्थानं हेच शिकण्यात गेली: उत्तर हो किंवा नाही असं येत नाही, किती शक्यता आहे असं येतं.

माश्या दुसऱ्या वर्षी आल्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात त्याच जातभाई, ड्रोसोफिला. म्हैसूर विद्यापीठात यांचं मोठं संग्रह केंद्र आहे, आमच्या कॉलेजच्या माश्या मुळात तिथूनच आणलेल्या. त्यांचं खाणं आम्हीच शिजवायचो. पाण्यात गूळ विरघळवायचा, तेवढाच रवा टाकायचा, घट्टपणासाठी अगर-अगर, आणि बुरशी धरू नये म्हणून उतरवल्यावर प्रोपिऑनिक ॲसिड. ते ॲसिड पडेपर्यंत लॅबमध्ये थेट सत्यनारायणाच्या शिऱ्याचा वास यायचा. पडल्यावर मात्र नाक धरायची वेळ. बाटल्यांत ओतून गार झालं की वर यीस्ट, तोंडाला कापसाचा बोळा.

क्रॉस, म्हणजे ठरवून निवडलेल्या नर-मादीचा संकर, करायचा तर मादी कुमारी हवी. एकदा संग झाला की ती नराचं बीज साठवून ठेवते आणि नंतरची अंडी कुणाची ते सांगता येत नाही. कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास तिचा संग होत नाही, तेवढ्यात तिला वेगळं काढायचं. म्हणून सकाळी कॉलेज उघडताच बाटलीतल्या सगळ्या माश्या झटकून टाकायच्या आणि दुपारपर्यंत नव्या निघालेल्या वेचायच्या. ईथरनं बेशुद्ध करून पांढऱ्या टाइलवर ओतायच्या आणि बारीक ब्रशनं डावी-उजवीकडे सारायच्या. नर लहान, पोटाचं टोक काळं, पुढच्या पायावर भिंगाखाली दिसणारा काळा कंगवा. मादी मोठी, पोट टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांचं. ईथर जास्त झालं की पंख अंगापासून काटकोनात वर उभे राहतात. असे पंख दिसले की ती माशी गेली असं समजायचं.

आखूड पंखांच्या माशीचा साध्या माशीशी क्रॉस. पहिली पिढी सगळी लांब पंखांची, दुसऱ्या पिढीत तीनास एक अपेक्षित. पण आखूड पंखवाल्या मुळातच अशक्त, त्यातल्या काही वाढतानाच मरतात, त्यामुळे मोजणीत त्या कमी भरतात. आणि परीक्षेला जर्नल तर द्यायचं असतं. मग काय होतं ते कुठल्याही बीएस्सीवाल्याला विचारा. आमच्या बॅचमध्ये एका टेबलाचं गुणोत्तर दशांशापर्यंत तीन आलं होतं. सरांनी ते जर्नल उघडून, हसून बाजूला ठेवलं आणि फिशरची गोष्ट सांगितली. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये मेंडेलचे सगळे आकडे एकत्र तपासले, आणि ते अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की नवलच वाटावं असं दाखवलं. कुणी मदतनिसानं साहेबाला आवडतील असे आकडे दिले असावेत, असा त्याचा कयास. वाद अजून चालतो. आमचे आकडे मात्र त्या दिवसापासून वेडेवाकडे यायला लागले, आणि त्याला मार्कही मिळाले.

मला सर्वात आवडलेला क्रॉस पांढऱ्या डोळ्यांचा. अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गनला १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तिथून माश्यांवरच्या जेनेटिक्सची सगळी शाखा उभी राहिली. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर घेतला की लेकी सगळ्या बापासारख्या लाल, मुलगे सगळे आईसारखे पांढरे. कारण या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि नराला एक्स फक्त आईकडून मिळतं. पुस्तकात ही एक ओळ असते. टाइलवर माश्या ओतून एकेक उलटवत जाताना, काळ्या टोकाची प्रत्येक माशी पांढऱ्या डोळ्यांची निघते तेव्हा अंगावर काटा येतो. एक्स गुणसूत्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते साध्या भिंगातून दिसतं.

कांद्याच्या मुळांबद्दल फार सांगत नाही. मुळं कापा, ॲसिडमध्ये मऊ करा, रंगवा, काचेवर अंगठ्यानं दाबा, आणि सोळा गुणसूत्रं सुटी सुटी दिसावीत म्हणून देवाचा धावा करा.

रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर एक मराठी आडनाव आलं. ए आणि बी गटांची जनुकं असूनही रक्त तपासणीत ओ दिसतं, पण ओ गटाचं रक्त दिलं तर चालत नाही, असे लोक मुंबईत सापडले. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच हा घटकच या लोकांत नसतो. एका जनुकानं दुसऱ्याचं काम झाकायचा हा प्रकार आम्ही कोंबड्यांच्या पिसांच्या रंगावरून शिकलो होतो. माणसातलं उदाहरण आपल्या मुंबईचं निघालं.

तिसऱ्या वर्षी स्वतःच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायचा होता. पुरुष चौकोन, बाई गोल, नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. आजीला फोन लावला. तिला चार पिढ्या पाठ, कोण कुणाच्या पाठचं, कुणाचं मूल दगावलं, सगळं. माझ्या कागदावर दुहेरी रेघा वाढतच गेल्या. आजी स्वतः आजोबांची मामेबहीण. "मामाची पोर करायची नाही तर काय परक्याची करायची?" हा तिचा सरळ हिशोब. आते-मामे भावंडांच्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळायची शक्यता सोळात एक असते, हे मी तिला सांगितलं.

"मग तुझ्या बापात काय बिघडलं?"

काहीच नाही, आणि ते खरंच होतं. पण त्याच कागदावर पप्पांची एक चुलत आत्या होती, जन्मापासून ऐकू न येणारी. तिचे आईवडीलही आते-मामे. आजीच्या मते ग्रहणात तिच्या आईनं विळीला हात लावला होता. मी उत्साहानं खाली लिहिलं, अप्रभावी जनुक, म्हणजे दोन्ही प्रती तशा मिळाल्या तरच परिणाम दिसणारं. मॅडमनी त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं: गरोदरपणात आईला रुबेला झाला तरी मूल बहिरं होऊ शकतं, एका माणसावरून निकाल देऊ नका.

आता मी एमएस्सीनंतर आनुवंशिक तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये आहे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेली, म्हणजे दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असलेली जोडपी येतात. पहिलं मूल आजारी असलेला बाप हमखास विचारतो, "चारात एक ना? मग पुढची तीन चांगली होणार." ते तसं नाही, दर खेपेला नव्यानं चारात एक, हे त्याला समजेल असं सांगणं मला डिग्रीतल्या कुठल्याही पेपरपेक्षा अवघड जातं.

कुणी हा विषय घ्यायचा विचार करत असेल तर एक स्पष्ट सांगते: नुसत्या बीएस्सीवर जेनेटिक्समध्ये नोकऱ्या फारशा नाहीत. एमएस्सी धरूनच चला, आणि तिच्या प्रवेश परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. आणि कॉलेज निवडताना माहितीपत्रकातले फोटो बघत बसू नका. लॅबमध्ये जा, माश्या जिवंत आहेत का आणि त्यांचं खाणं कोण शिजवतं, ते विचारा.