लिओनार्दोची भिंत कोरडी हवी

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या शूटिंग फ्लोअरवर मालिकेसाठी पंधराव्या शतकातलं मिलान उभं करायचं तर कमानी थर्मोकोलच्या चालतात, दगडी फरशी छापील चालते. चित्रकार भिंत रंगवतोय तो क्लोजअप मात्र असा निभावत नाही. भिंत ओली की कोरडी, यावर पुढचे दोन एपिसोड अवलंबून असतात.

लिओनार्दोने मिलानच्या मठातल्या भिंतीवर काढलेलं ख्रिस्ताचं 'अखेरचं भोजन' (1495 ते 1498) फ्रेस्को नाहीच. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावायचा, म्हणजे आज लावलेला गिलावा आजच संपवायचा. लिओनार्दोला हे झेपणारं नव्हतं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जेवण विसरून काम, आणि मग काही दिवस नुसतं हाताची घडी घालून बघत उभं, असं बांदेल्लो या त्या काळच्या इटालियन लेखकाने लिहून ठेवलंय. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर काम केलं, आणि म्हणूनच त्याच्या हयातीतच चित्राचे पोपडे सुटायला लागले. स्क्रिप्टमध्ये त्याच्यामागे ओल्या गिलाव्याचं घमेलं घेतलेला मदतनीस उभा केला की मठाधिपतीच्या 'काम रेंगाळतंय' या तक्रारीतली हवाच गेली. ओला चुना रेंगाळू देतच नाही!

ओली भिंत मायकेलअँजेलोला द्या. सिस्टिन चॅपलच्या छतासाठी (1508 ते 1512) चार बाय सहा फुटांचं पॅनल पुरतं. बारा एमएम प्लायला दोन्ही बाजूंनी प्रायमर, नाहीतर पाणी पिऊन प्लाय वाकतो. त्यावर चिकन मेश (खुराड्याला लावतात ती तारेची जाळी) ठोकून एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळूचा सेंटीमीटरभर थर. तो वाळल्यावर पाणी मारायचं आणि शूटिंगच्या दिवशी एकास दोन प्रमाणात, बारीक चाळलेल्या वाळूचा पाच एमएमचा वरचा थर द्यायचा. सगळं मिळून पाऊणशे किलोच्या वर जातं, उचलायला चौघं लागतात.

पीओपी वापरू नका. ते वीसेक मिनिटांत आवळतं आणि ब्रश त्यावर खरडत जातो. वाळू खाडीची नको, कितीही धुतली म्हणून सांगितलं तरी. मीठ वर येऊन पांढरे डाग पडतात, तेही नेमके चेहऱ्यावर. पावसाळ्यात पॅनल जास्त वेळ ओलं राहतं, हा फायदाच. पण लाइट जवळ आणला की वरची साय सुकून केसासारख्या भेगा पडतात.

बोट लावल्यावर चुना चिकटत नाही पण ठसा उमटतो, तेव्हा रंग सुरू करायचा. पुढचे सहा-आठ तास मिळतात. गेरू, पिवळी काव, काजळी हे रंग चुन्यात टिकतात. सुकल्यावर ते फिकट होतात, म्हणून रिटेकची कंटिन्युइटी हमखास मार खाते. सकाळी, दुपारी आणि चार वाजता अशी तीन पॅनल्स लावून ठेवली तरच शिफ्ट पार पडते. रेखाटन भिंतीवर उतरवायची एक रीत आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद असतो ना, तेच. इथे भोकं सुईने पाडायची आणि मलमलच्या पुरचुंडीत कोळशाची पूड बांधून कागदावर आपटायची.

मायकेलअँजेलो परांचीवर आडवा झोपून रंगवायचा, हे चित्र प्रेक्षकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. दिग्दर्शकांच्याही. तो उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता. तोंडावर रंग गळतो, असं त्याने स्वतःच कवितेत लिहिलंय आणि बाजूला उभ्या माणसाचं रेखाटनही काढलंय. तो गळणारा थेंब शॉटमध्ये हवाच, पण चुन्याचा अजिबात नको, डोळा जाईल. खडूची पूड पाण्यात कालवली की काम भागतं.

लिओनार्दोसाठी हँड डबल, म्हणजे क्लोजअपमध्ये नटाऐवजी हात दाखवणारा माणूस, डावखुरा शोधा. त्याच्या रेखाटनांतल्या छायेच्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे जातात. उजव्या हाताने शूट करून एडिटमध्ये फ्रेम उलटवायची युक्ती कुणीतरी सुचवतंच. ती केलीत तर ख्रिस्ताला दगा देणारा शिष्य यहूदा चित्रात ख्रिस्ताच्या दुसऱ्याच हाताला जाऊन बसेल.