रोबोटने प्रोस्टेटचं ऑपरेशन: माझा अनुभव

वयाच्या ६३व्या वर्षी नेहमीच्या तपासणीत माझा पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासात रक्तात वाढणारा घटक, ९.४ आला. त्रास म्हणावा तर काहीच नव्हता, रात्री एकदा उठावं लागायचं इतकंच. एमआरआयमध्ये डाग दिसला आणि बायोप्सीच्या कागदावर ग्लिसन ३+४=७ असं लिहून आलं, म्हणजे मध्यम धोक्याचा कॅन्सर. तो कागद मी साताऱ्याहून पुण्याला जाताना एसटीत चार वेळा वाचला.

पेट (PET) स्कॅनमध्ये कॅन्सर बाहेर पसरलेला दिसला नाही. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले: रेडिएशन, पोट उघडून ऑपरेशन किंवा रोबोटने. ऑपरेशनसाठी बायोप्सीची सूज उतरेपर्यंत काही आठवडे थांबायचं होतं. तेवढ्यात विचार करायला वेळ मिळाला, हे बरंच झालं.

रोबोट स्वतःहून काही करत नाही, हे मला तिथेच कळलं. सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलवर बसतात, आतलं सगळं त्यांना मोठं करून, त्रिमितीत दिसतं आणि त्यांच्या बोटांची हालचाल पोटातली बारीक अवजारं करतात. हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. मी डॉक्टरांना विचारलं, "मग उघड्या ऑपरेशनपेक्षा हे चांगलंच ना?" त्यांनी सरळ उत्तर दिलं. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधला एक अभ्यास आला होता, ३२६ पुरुषांचा: एका गटाचं उघडं ऑपरेशन, दुसऱ्याचं रोबोटने. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. रोबोटमध्ये रक्त मात्र कमी गेलं. "यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याने किती ऑपरेशनं केलीत ते विचारा," असं ते स्वतःच म्हणाले. त्या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पैशांच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. मेडिक्लेम पुरेसा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा होती आणि ती कळली ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी. वरचे पैसे मुलाने भरले. पॉलिसीतलं ते पान आधीच काढून वाचा, हे मी कळकळीने सांगतो.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. जागा झालो तेव्हा पोटावर सहा लहान पट्ट्या होत्या. बेंबीजवळची जरा मोठी, ग्रंथी तिथूनच बाहेर काढली होती. दुसऱ्या दिवशी चाललो, तिसऱ्या दिवशी घरी आलो, लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. रात्री दोनला ही उठायची, पिशवी मोरीत रिकामी करायची आणि किती मिली झाली ते मुलाच्या जुन्या वहीत लिहायची. ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

नळी नवव्या दिवशी निघाली. खरा कठीण काळ त्यानंतरचा. खुर्चीतून उठलो, खोकलो की लघवी गळायची. दिवसाला चार पॅड लागायचे. या गोष्टीबद्दल आपल्याकडे पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो आहे. फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या महिनाभर आधीच व्यायाम शिकवला होता: वारा अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, श्वास न रोखता दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या. देवपूजेला बसल्यावर, चहा उकळेपर्यंत, मी ते करत राहिलो. सहाव्या आठवड्यात पॅड एकावर आला. तिसऱ्या महिन्यानंतर फक्त पाण्याची कळशी उचलताना थेंब यायचा.

दुसऱ्या गोष्टीला, लैंगिक क्षमतेला, वेळ लागतो आहे. त्यासाठी लागणाऱ्या, प्रोस्टेटला लागून जाणाऱ्या मज्जातंतूंपैकी एकाच बाजूचे वाचवता आले, दुसरीकडे गाठ अगदी जवळ होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घरात त्यावरून कधी अबोला धरला गेला नाही.

पीएसए सहा आठवड्यांनी ०.०२ आला, नंतरही तेवढाच आहे. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जातो. आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही. ही पहाटे उठून माझ्याबरोबर येते आणि रिपोर्ट माझ्याआधी तीच उघडते.