समोरून येणारं विमान

माळावर रिमोटवरचं छोटं विमान उडवत असले की बघे जमतातच. मोटरसायकली थांबतात, पोरं सायकली आडव्या टाकून बांधावर बसतात. प्रश्न ठरलेले. केवढ्याला पडलं? किती वर जातं? कॅमेरा आहे का? कॅमेरा नाही म्हटलं की निम्मे निघून जातात. मी ज्या प्रश्नाची वाट बघते तो मात्र कुणी विचारत नाही: विमान तुमच्या तोंडावर येत असतं तेव्हा तुम्ही काय करता?

सगळी गोम तिथे आहे. विमान माझ्यापासून लांब जात असतं तोवर त्याचा उजवा तोच माझा उजवा. रिमोटची स्टिक, म्हणजे अंगठ्याखालची छोटी दांडी, उजवीकडे, विमान उजवीकडे. वळून ते माझ्याकडे यायला लागलं की त्याचा उजवा पंख माझ्या डाव्या हाताला येतो. आता स्टिक उजवीकडे दाबली तर ते माझ्या डावीकडे कलतं. घाबरलेला माणूस आणखी उजवीकडे दाबतो, ते आणखी डावीकडे कलतं, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत फोमचे तुकडे गोळा करायला पिशवी घेऊन चालत जावं लागतं. गंमत म्हणजे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर उलटत नाही, मोटरचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटलही नाही. सगळंच उलटलं असतं तर बरं होतं. इथे उलटतात ते फक्त विमान कलवणारे एलेरॉन आणि नाक डावं-उजवं करणारा रडर.

नवख्यांना यावर एक युक्ती शिकवतात. विमान समोरून येतंय आणि एक पंख खाली गेलाय, तर स्टिक त्या खाली गेलेल्या पंखाकडे न्यायची, जणू त्याला टेकू देतोय. युक्ती बरोबर आहे आणि सुरुवातीला विमान वाचवते. मीही भाच्याला तीच सांगितली. पण ती हिशेबाची युक्ती आहे. हिशेब करायला अर्धा सेकंद लागतो आणि जमिनीजवळ तो अर्धा सेकंद नसतो.

मी दातांची डॉक्टर. मिरजेत दवाखाना आहे. वरच्या दाढांची मागची बाजू थेट दिसत नाही, ती छोट्या आरशात बघत कोरायची असते. हात पुढे नेला की आरशात तो मागे येताना दिसतो. कॉलेजात प्लॅस्टिकच्या डोक्यावर हे शिकवतात तेव्हा सगळा वर्ग रडकुंडीला येतो. प्रत्येक जण मनात ‘पुढे म्हणजे मागे’ असं घोकत असतो आणि बर, म्हणजे दात कोरायचं टोक, भलतीकडे जाते. मग कधीतरी घोकणं थांबतं. आरसा आहे हेच विसरायला होतं, आपण त्या दाढेपाशीच बसलोय असं वाटायला लागतं. विमानाचं तसंच आहे. डावं-उजवं उलटं करायला शिकायचंच नाही. मनानं कॉकपिटमध्ये जाऊन बसायचं. विमान कुठल्याही तोंडानं असो, त्याचा उजवा तो माझा उजवा.

भाचा बारावीनंतरच्या सुट्टीत आला होता. सिम्युलेटरवर त्यानं खूप उडवलं होतं आणि बोटं खरंच तयार होती. “मावशी, मला लूपसुद्धा येतो,” म्हणाला. लूप म्हणजे हवेत उभी गोल कोलांटी. येत होताच. पण सिम्युलेटरमध्ये विमान पडद्याच्या मधोमध राहतं, लांब गेलं की चित्र आपोआप जवळ येतं. माळावर कोण जवळ आणणार? सव्वा मीटर पंखांचं विमान तीनशे मीटरवर गेलं की काळा ठिपका होतं, आणि ठिपक्याला तोंड आणि शेपूट नसते. जातंय की येतंय, पोट दिसतंय की पाठ, काही कळत नाही. मावळतीच्या बाजूला तर रंगही मरतात, उरते फक्त सावली. म्हणून माझ्या प्रत्येक विमानाच्या पोटावर काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत आणि पाठ सलग भगवी. दिसायला भयंकर आहे हे मला मान्य आहे.

तरीही संभ्रम होतो. अशा वेळी नुसतं टक लावून बघून उपयोग नसतो, विमानालाच विचारावं लागतं: थोडी उजवी स्टिक द्या आणि ते कुठे वळतं बघा. तुमच्या उजवीकडे वळलं तर जातंय, डावीकडे वळलं तर येतंय. आणि मुळात इतकं लांब सोडूच नये. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असं आहे. मला तो नियम जाचक वाटत नाही. नजरेपलीकडे गेलेलं विमान मी उडवतच नसते, ते आपलं आपण कुठेतरी चाललेलं असतं.

डोळ्यांचा दुसरा धोका वाऱ्याचा. हे मला अण्णांनी शिकवलं. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, क्रिस्टलवाल्या जुन्या रिमोटच्या काळापासून उडवणारे. रिमोटचा चॅनल तेव्हा आतल्या क्रिस्टलवर ठरायचा. तेव्हा दोघांचा चॅनल एक असला की एकाचं विमान पडायचंच, त्यामुळे आधी ओरडून विचारायचं आणि मगच रिमोट चालू करायचा. आताच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या रिमोटनं ती भानगड संपली. अण्णांची ओरडायची सवय गेलेली नाही.

तर वारा. समजा विमान हवेतून ताशी चाळीसनं चाललंय आणि वारा पंधराचा आहे. वाऱ्याच्या दिशेनं जाताना ते जमिनीवरून बघणाऱ्याला पंचावन्ननं पळताना दिसतं, वाऱ्यावर चालून येताना पंचवीसनं. पंखाला जमिनीशी देणंघेणं नाही, त्याला हवा किती वेगानं कापली जातेय तेवढंच कळतं. पण वेग आपण डोळ्यांनी मोजतो, आणि डोळा तो झाडांशी, खांबांशी ताडून बघतो. लँडिंगला येताना वाऱ्याच्या दिशेनं जाणारा टप्पा असतो तिथे विमान फार पळतंय असं वाटतं. माणूस थ्रॉटल खाली ओढतो, वर नाक थोडं उचलतो, आणि तशातच शेवटचं वळण घेतो. हवेतला वेग केव्हाच संपलेला असतो. आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचलून धरेनासा होतो, आणि विमान त्या अंगावर पडून गिरकी घेत खाली येतं. आमच्या माळावर मोडलेल्या विमानांपैकी बरीचशी त्याच वळणावर मोडली आहेत. मालक हमखास म्हणतात, “सिग्नल गेला.”

खऱ्या वैमानिकासमोर हवेतला वेग दाखवणारा काटा असतो, बुडाखाली खुर्ची असते, पोटात गोळा येतो. आमच्याकडे यातलं काही नाही. मग वेग ओळखायचा कशावरून? नाक क्षितिजाच्या किती वर आहे यावरून, आवाजावरून, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे स्टिक हलवल्यावर विमान किती तत्परतेनं ऐकतं यावरून. वेग मरायला लागला की ते आळसावतं. स्टिक दिली तरी विचार करून वळल्यासारखं वळतं. हा आळस बोटांना कळायला हवा. भाच्याला मी भरपूर उंचीवर नेऊन मुद्दाम स्टॉल करायला लावते: थ्रॉटल बंद, नाक धरून ठेव, पडू दे, मग स्टिक ढिली सोड, वेग येऊ दे, हळू उचल. पुन्हा. तो कंटाळतो. त्याला लूप मारायचे असतात.

लूप मारायला तसं काही लागत नाही. वेग घ्या, एलिव्हेटर ओढा. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ज्याला कुणी टाळी देत नाही आणि मला जे बघताना घाम फुटतो ते म्हणजे स्लो रोल. विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर, सावकाश स्वतःभोवती फिरतं. उजवीकडे फिरायला लागलं की आधी डावा रडर देऊन नाक वर धरायचं, कारण आता विमान कुशीवर आहे आणि पंख त्याला उचलत नाहीत. पालथं झालं की एलिव्हेटर खाली ढकलायचा. दुसऱ्या कुशीवर आलं की उजवा रडर. शेवटी सगळं मूळ जागी. आणि या सगळ्या वेळात अंगठ्याचा एलेरॉनवरचा दाब बदलता कामा नये. दोन अंगठे, चार हालचाली, प्रत्येक दुसरीत विरघळत जाणारी. अण्णा हे करतात तेव्हा मी बांधावर गप्प बसून फक्त त्यांचा डावा अंगठा बघते.

हल्लीच्या विमानांत जायरो, म्हणजे तोल सावरणारं छोटं यंत्र, येतो. बटण दाबलं की विमान आपोआप सरळ होतं. मी त्याच्या विरोधात नाही, पहिले काही रविवार असू दे. पण जायरो तुमच्या वतीनं ऐकतो, त्यामुळे तो आळस तुमच्या बोटांपर्यंत पोचतच नाही. भाच्याचं बटण मी लवकरच बंद केलं. तो दोन दिवस बोलला नाही.

यंत्राला काय द्यावं आणि माणसानं काय ठेवावं, याचं मला आवडणारं उदाहरण २००३ सालचं आहे. मेनार्ड हिल या अमेरिकी गृहस्थांनी बाल्सा या हलक्या लाकडाचं, इंधनासकट पाच किलोच्या आतलं ‘टॅम-५’ हे विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पाठवलं. जवळजवळ एकोणचाळीस तास, तीन हजार किलोमीटर. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळपास गेलेली होती. मधला सगळा अटलांटिक ऑटोपायलटनं पार केला. उड्डाणाच्या वेळी आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरताना मात्र रिमोट माणसाच्या हातात होता.

भाचा आता समोरून आलेलं विमान नीट आणतो. डोकं हलत नाही, खांदे वाकडे होत नाहीत. (सुरुवातीला सगळेच विमानाबरोबर स्वतः वळतात, बघायला मजा येते.) आता त्याच्या एलेरॉनचा हात बांधून नुसत्या रडरवर वळणं घ्यायला लावायचं आहे. त्याचा डावा अंगठा थ्रॉटलपलीकडे काही करत नाही. तो म्हणतो, “रडर न वापरताही वळतंय की, मावशी.” मी म्हटलं, आडव्या वाऱ्यात उतरवून दाखव. अण्णांनी हवामान बघून रविवार ठरवलाय. सकाळी नाही, अकरा वाजता, पश्चिमेचा वारा चांगला सुटल्यावर.