तुम्ही विचारलंत म्हणून: डॅशबोर्डवरचा तो दुसरा स्क्रीन

"कंपनीने एवढा मोठा टचस्क्रीन दिलाय, मग हा जुना मोबाइल कशाला चिकटवलात?" पेट्रोल पंपावर, लग्नकार्याला जाताना मागच्या सीटवरून, चिपळूणच्या बाजारात गाडी लावताना, कुठे ना कुठे हा प्रश्न येतोच. मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटतो, कारण नीट उत्तर द्यायचं तर कुंभार्ली घाट उतरून दाखवावा लागतो. तेव्हा आता एकदा लिहूनच टाकतो. हा मोबाइल गाडीच्या आतले आकडे दाखवतो: बॅटरी किती टक्के, तिचं तापमान, इंजिनाचा वेग, इंधन.

माझी गाडी मारुतीची ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड, आतली हायब्रिड यंत्रणा टोयोटाची. तिला प्लग नाही, घरी चार्ज होत नाही. पेट्रोल इंजिन आणि मोटर मिळून गाडी ओढतात आणि ब्रेक लावला की मोटर उलटं काम करून बॅटरी भरते. कंपनीच्या स्क्रीनवर हे सगळं बाणांनी दिसतं. इंजिनाकडून चाकाकडे बाण, चाकाकडून बॅटरीकडे बाण. दिसतं छान. पण बाणाला आकडा नसतो. चमचाभर वीज परत येतेय की बादलीभर, दोन्ही वेळा बाण तेवढाच. बॅटरीच्या खुणाही फसव्या असतात. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये बॅटरी साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान खेळवतात, तळाला जाऊ देत नाहीत आणि शंभरावरही नेत नाहीत, म्हणजे तिचं आयुष्य वाढतं. सगळ्या खुणा भरल्या म्हणजे शंभर टक्के नव्हे.

आता घाट. ही बॅटरी 177.6 व्होल्टची आणि अवघी 0.76 युनिटची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच. त्यातलं वापरात येणारं जेमतेम 0.3 युनिट. माणसं आणि सामान धरून गाडी सोळाशे किलोची मानली, तर दर शंभर मीटर खाली उतरताना साधारण 0.44 युनिट एवढी ऊर्जा मोकळी होते. कुंभार्लीचा माथा सहाशे मीटरच्या आसपास आणि चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. हिशेब करा: अडीच युनिटांच्या वर. टायर आणि वारा त्यातलं काही खातात, मोटरमध्ये काही जातं, तरीही बॅटरीत मावेल त्याच्या कितीतरी पट ऊर्जा उरते. कोयनेचं पाणी याच डोंगरातून खाली सोडून पोफळीच्या भूमिगत वीजघरात वीज करतात. घाट उतरणारी आपली गाडी तेच करते, फक्त तिचं धरण तांब्याएवढं आहे.

हे पुस्तकी ज्ञान झालं. स्क्रीन लावल्यावर ते वळणावळणाला दिसायला लागलं. शेजारी बसलेली मुलगी बॅटरीचे टक्के वाचत असते, "बाबा, साठ. बाबा, अडुसष्ट. बाबा, शहात्तर." घाटाचा एक तृतीयांश हिस्सा उतरत नाही तोच बॅटरी भरलेली. मग गाडीपुढे दोनच वाटा उरतात, ब्रेक तापवणं किंवा इंजिनाला नुसतं फिरवून वेग धरणं. गिअरची लिव्हर 'बी'वर, म्हणजे उतारावर इंजिनाने वेग धरायच्या खुणेवर, टाकली की इंजिन ओरडायला लागतं आणि मागचे काका दचकून म्हणतात, "अरे, उतारावर रेस कसली देतोस? पेट्रोल किती जळतंय!" तेव्हा मोबाइल मागे वळवून दाखवायचा. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, तीन हजारांच्या पुढे, इंधन शून्य. इंजिन पेट्रोल पीत नाही, मोटर त्याला फिरवतेय. काकांना पटायला माझ्या बोलण्यापेक्षा ते शून्य बरं पडतं.

आणि यातून एक सवय लागली. कराडहून येताना पाटण ओलांडलं, कोयना नदीच्या कडेकडेने हेळवाक जवळ आलं, की मी पाय हलका करून गाडी जास्तीत जास्त मोटरवर चालवतो आणि बॅटरी मुद्दाम खाली आणतो. माथ्यावर भरलेली बॅटरी घेऊन येणं म्हणजे पावसाच्या तोंडावर पिंप काठोकाठ भरून ठेवणं. पूर्वी खुणा भरलेल्या दिसल्या की बरं वाटायचं, आता माथ्यावर त्या दिसल्या की चुकचुकायला होतं.

सपाटीवर या आकड्यांचं फारसं काम पडत नाही. एक अपवाद, फेरीबोट. धोपाव्याच्या जेटीवर दाभोळच्या बोटीची वाट बघताना मे महिन्यात एसी बंद करणं कुणाला जमतं? हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असूनही गार हवा येत राहते. लोकांना वाटतं फुकट आहे. स्क्रीनवर बॅटरी एकेक टक्क्याने उतरताना दिसते. एसीने एक किलोवॉट ओढला तर पंधरा-वीस मिनिटांत 0.3 युनिट संपलं, की इंजिन आपसूक चालू होतं आणि शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं आम्ही निघालो. तापमान दोन अंशांनी वाढवलं की तीच बॅटरी बराच जास्त वेळ टिकते.

बॅटरीचं तापमान हा मात्र आकडा आमच्याकडे खरा कामाचा. या गाड्यांची बॅटरी मागे असते आणि तिला गार करायला पंखा आतली हवा ओढतो, एका जाळीतून. ती जाळी झाकू नका, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच असतं. पण हापूसच्या दिवसांत पुस्तक कोण वाचतो? गुहागरहून येताना मेव्हण्याने मागच्या सीटवर पेट्या रचल्या, वर नारळाचं पोतं. शृंगारतळी मागे पडेपर्यंत तापमान एकेक अंशाने चढत होतं. थांबून पोतं बाजूला केलं, जाळी मोकळी झाली आणि आकडा पुन्हा खाली यायला लागला. कंपनीच्या स्क्रीनवर तेव्हाही बाण आनंदात धावत होते.

अमेरिकेतल्या भाच्याचा प्रश्न वेगळा. त्याची टोयोटा प्रियस प्राइम, प्लग-इन म्हणजे भिंतीच्या सॉकेटवर चार्ज होणारी हायब्रिड, 8.8 युनिटची बॅटरी, चार्ज केली की कागदोपत्री चाळीसेक किलोमीटर नुसती विजेवर. तो म्हणतो, मामा, मलाही असा डिस्प्ले लावायचाय. त्याला मी सांगितलं, हे वेड तुमच्याच तिकडचं. 2004 मध्ये कॅलिफोर्नियात कॅलकार्स नावाच्या गटाने साध्या प्रियसमध्ये जादा बॅटऱ्या बसवून तिला प्लग-इन केलं होतं, टोयोटाने स्वतःची प्लग-इन प्रियस बाजारात आणण्याच्या कितीतरी आधी. पदरच्या बॅटऱ्या घातल्यावर कारखान्यातून आलेल्या पडद्यावर विसंबून चालत नाही, स्वतःचे मीटर लावावेच लागतात. प्लग-इनवाल्याला खरं तर दोन मीटर हवेत. एक गाडीत आणि एक भिंतीच्या सॉकेटला, कारण भिंतीतून घेतलेलं सगळं बॅटरीत पोचत नाही, चार्जरमध्ये काही उष्णता होऊन जातं. बिल भिंतीचं येतं. आणि त्याचं घर टेकडीवर असेल तर रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी खाली उतरण्यात अर्थ नाही, उताराची वीज ठेवायला जागा कुठाय?

लावायचं कसं, हेही विचारता. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, मेकॅनिक स्कॅनर लावतो तेच. त्यात ब्लूटूथचा डोंगल, म्हणजे गाडीतले आकडे मोबाइलला पाठवणारी डबी, घालायचा आणि मोबाइलवर ॲप. टॉर्क, कार स्कॅनर अशी ॲप आहेत, हायब्रिड असिस्टंट खास टोयोटा-लेक्सससाठी. घेण्याआधी तुमच्या मॉडेलची बॅटरी त्यात दिसते का ते बघा, नाहीतर नुसता वेग आणि आरपीएम बघत बसाल. अगदी स्वस्त डोंगल घेऊ नका, ते अर्ध्या प्रश्नांना उत्तरच देत नाहीत. वायर कुठेही कापायची नाही. नारिंगी वायरींना तर हातही लावायचा नाही, त्यात जीव घेणारं व्होल्टेज असतं. त्या सॉकेटला किल्ली काढल्यावरही बारा व्होल्ट येत राहतात, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा. मोबाइलही उन्हात काचेमागे सोडू नका, त्याची बॅटरी फुगते.

पेट्रोल वाचतं का? घाटात थोडं, गावात नगण्य. तेवढ्यासाठी लावू नका. आणि चालवताना आकडे वाचायचा मोह होतो, त्यावर एकच उपाय आहे, शेजारी वाचणारा माणूस. मुलगी सोबत नसली की मी मोबाइल डॅशबोर्डच्या खणात टाकतो.