आमची वाटचाल : आतल्या नळीची लांबी

आमच्या कारखान्यात एकच वस्तू बनते. वर्कशॉपचा व्हॅक्यूम आणि यंत्राकडे जाणारी नळी यांच्या मध्ये बसणारा, भुसा वेगळा काढणारा सायक्लोन. हवा शंकूत भिंतीलगत गरगरत खाली उतरते, भुसा खालच्या पिंपात पडतो, आणि हवा मधल्या भोवऱ्यातून वर फिल्टरकडे जाते. सायक्लोन आम्ही शोधला असं आम्ही कधीही म्हटलेलं नाही. धूळ गोळा करणाऱ्या सायक्लोनचं पेटंट अमेरिकेत १८८५ सालीच निघालं, आणि सॉमिलच्या छपरावरचा पत्र्याचा उंच शंकू ज्याने एकदा नीट पाहिला त्याला निम्मी गोष्ट तिथेच कळते. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनाही घरगुती व्हॅक्यूमची कल्पना अशाच शंकूवरून सुचली आणि पुढे ५,१२७ नमुने करावे लागले. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ज्यांनी आम्हाला जवळजवळ बुडवलंच होतं, त्या मंडळींच्या पाटीवर ‘मूळ निर्माते’ असं ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं आहे.

मी फर्निचरच्या कामातला, भागीदार डक्टिंगच्या पत्र्यातला. माझ्या वर्कशॉपात सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, चालू केला की व्हॅक्यूमचा फिल्टर बघता बघता चोंदायचा. ओढ गेली की मोटरचा आवाज चढतो, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, भार उतरतो आणि मोटर सुसाट फिरते. मग काम थांबवा, फिल्टर काढा, झटका, आणि झटकलेलं सगळं नाकात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. तरी अजून लोक तोंडाला रुमाल बांधून फिल्टर भिंतीवर आपटतात. हे बघवत नाही.

भागीदाराने पहिला सायक्लोन जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्यात केला. मापं आम्ही मनाने ठरवली नाहीत. स्टेअरमंड नावाच्या अभियंत्याने १९५१ साली सायक्लोनची प्रमाणं छापली, ती अजून जगभर चालतात. सगळं दंडगोलाच्या व्यासावर बेतलेलं असतं. पन्नास मिलिमीटरच्या नळीसाठी व्यास १४० धरला, तर हवा आत येण्याची खिडकी ७० उंच आणि २८ रुंद येते. तिचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाएवढंच भरतं, त्यामुळे हवा कुठे अडत नाही. दंडगोल २१०, एकूण उंची ५६०, खालचं तोंड साधारण ५२. आणि वरून आत उतरणारी, हवा बाहेर नेणारी नळी ७० व्यासाची आणि किमान ७० लांब. ही शेवटची संख्या लक्षात असू द्या.

शंकू कापणं हे भागीदाराचं काम, तिथे मी हात लावत नाही. सपाट पत्र्यावर उघडलेल्या हातपंख्याचा आकार आखायचा, आतला कंस उजव्या कातरीने, बाहेरचा डाव्या. मग रोलरमधून एका बाजूने जास्त दाब देत काढायचा, राहिलेला बाक लाकडी मोगरीने पाइपवर ठोकून आणायचा. सांध्याची दुमड बाहेरच्या अंगाला घ्यायची. आतून झाळ दिल्यावर तो बोट फिरवून पाहतो. नखाला कंगोरा लागला तर पुन्हा घासतो. लोकांना वाटतं हा नुसता हट्ट आहे. हवा त्या भिंतीला घासून सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरत असते, आणि एवढ्याशा व्यासात कणावर पडणारं बळ त्याच्या वजनाच्या तीनशेपटींहून जास्त होतं. म्हणून तो भिंतीला चिकटून खाली घरंगळतो. मध्ये कंगोरा आला की उडून मधल्या भोवऱ्यात सापडतो आणि थेट फिल्टरवर जातो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्री. वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, एम.डी.एफ.वर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांवर, राउटर हे कोरायचं यंत्र चालवणारे, म्हणजे सगळ्यात वाईट धूळ त्यांचीच. त्यांनी आमचा सायक्लोन बसवला त्या दिवशी नवा फिल्टर घातला आणि त्याच्या कडेवर पेन्सिलीने तारीख लिहिली. आमच्याशी फार बोलले नाहीत. पुढे कधीही गेलं तरी ते फिल्टर काढून उजेडात धरायचे, घड्या बोटाने उघडून दाखवायचे आणि “बघ” एवढंच म्हणायचे. पिंप मात्र गच्च भरलेलं असायचं. आमच्याकडे नवा माणूस येऊन शंका काढू लागला, की आम्ही त्याला मिस्त्रींकडे पाठवत असू. त्यांनी एकालाही हाकललं नाही.

आता ती मंडळी. आमचा माल ठेवणारा एक विक्रेता होता. आमचेच नमुने त्याच्या दुकानात मांडलेले, आम्हीच त्याला हे कसं चालतं ते बसून शिकवलेलं. एक दिवस त्याने मागणी बंद केली, आणि थोड्याच काळात त्याच्या नावाचा प्लास्टिकचा सायक्लोन बाजारात आला. बाहेरून आमचाच. खिडकीचा कोनसुद्धा तोच. आम्ही एक विकत आणून उघडला. झाकणाला ओतलेली आतली नळी निम्म्याहून आखूड होती. कारण उघड आहे : नळी लांब केली की साचा खोल करावा लागतो, तो महाग पडतो, आणि तुकडा साच्यातून सुटायला वेळ लागतो.

आखूड नळीने काय होतं ते मी तेव्हा दारोदार सांगत होतो, आजही सांगतो. नळीचं तोंड खिडकीच्या खालच्या कडेच्या वर राहिलं, तर आत आलेली हवा भोवरा धरायच्या आधीच सरळ बाहेर ओढली जाते. जाड ढलप्या तरीही खाली पडतात, त्यांना भोवराही लागत नाही, बादलीत नुसती नळी सोडली तरी पडतात. सँडरची बारीक धूळ मात्र बरीचशी पुढे जाते. त्यांचा व्हिडिओ रंध्याच्या ढलप्यांचा होता. पारदर्शक बादली, गरगर फिरणाऱ्या पिवळ्या ढलप्या, बघणारा खूश. तेवढ्यावर लोकांनी घेतला. वर्कशॉपात नेऊन सँडर लावला, फिल्टर चोंदला, आणि सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं : सायक्लोनमध्ये काही दम नाही.

त्याचा फटका आम्हाला बसला. त्यांचा सायक्लोन वापरून वैतागलेला माणूस आमचा कशाला घेईल? तयार माल मांडणीवर तसाच राहिला, दिलेल्या मागण्या लोकांनी परत घेतल्या, मदतनीस मुलांना दुसरीकडे काम बघा म्हणून सांगावं लागलं. रोलर विकायची बोलणी झाली होती. भागीदाराने घरातलं किडूकमिडूक मोडून पत्रेवाल्याची उधारी फेडली आणि मला ते नंतर कळलं. त्याच सुमारास त्या विक्रेत्याचा निरोप आला, की कारखाना बंद करणार असाल तर फर्मे विकत घेऊ. त्या निरोपाचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला धंदा शिकवला त्याने आमच्या दाराशी भाव लावायला यावं.

आम्ही काटा घेतला. ग्रॅम दाखवणारा, बरा. दोन्ही सायक्लोन, दोन नवे फिल्टर आणि सँडरच्या पिशवीतली चाळलेली धूळ गाडीत टाकून जो बोलावेल त्याच्या वर्कशॉपात जायचं. त्याच्यासमोर फिल्टर तोलायचा, तोलून घेतलेली धूळ ओढायची, फिल्टर पुन्हा तोलायचा. ढलप्यांना हात लावायचा नाही. कुणी म्हणालं ढलप्या ओढून दाखवा, तर भागीदार स्पष्ट नाही म्हणायचा. मिस्त्री आपला पेन्सिलीच्या तारखेचा फिल्टर घेऊन, जमेल तिथे, स्वतःचं काम सोडून यायचे. एक शब्द न बोलता तो टेबलावर ठेवायचे. आम्ही तगलो ते त्या काट्यावर आणि त्या फिल्टरवर.

त्यानंतर सगळं रीतसर चाललं आहे. मुलं परत आली, रोलर जागेवर आहे.

नव्याने सायक्लोन बसवणाऱ्यांनी, आमचा असो की स्वतः केलेला, पिंपाकडे आधी बघावं. लोक शंकूवर जीव टाकतात आणि पिंपाचं झाकण तसंच दाबून बसवतात. पिंपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. फटीतून घुसलेली हवा खाली बसलेली धूळ उचलून पुन्हा मधल्या भोवऱ्यात नेते, आणि मग बिचाऱ्या सायक्लोनला नावं ठेवली जातात. रबराची गॅस्केट अख्खी लावा, तुकडे जोडू नका. पिंपही दणकट घ्या. नळी चोंदली की चांगला व्हॅक्यूम २० किलोपास्कलपर्यंत ओढतो, आणि तीस बाय पस्तीस सेंटिमीटरच्या एका बाजूवर त्याचं बळ दोनशे किलोंच्या वर जातं. पातळ बादली आत चेपणारच. पिंप दोन तृतीयांश भरलं की रिकामं करा. भुसा शंकूच्या तोंडाशी पोचला की पुढचं सगळं फिल्टरवर जातं. रिकामं करताना मास्क लावा, कारण दिवसभर ज्या धुळीपासून वाचलात ती तेव्हाच उडते. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठून झटके बसतात, तेव्हा अँटिस्टॅटिक नळी घ्या आणि अर्थिंग द्या. ग्राइंडरच्या ठिणग्या लाकडाच्या भुशाच्या पिंपात कधीही ओढू नका. आणि सायक्लोन आहे म्हणून फिल्टर काढून टाकू नका. श्वासाबरोबर सगळ्यात खोल जाणारे, अडीच मायक्रॉनच्या खालचे कण बरेचसे शंकूतून निसटतात, त्यांना अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टरच लागतो.

मिस्त्री सध्या ब्लोअरच्या, म्हणजे भुसा ओढणाऱ्या मोठ्या पंख्याच्या, १०० मिलिमीटरच्या पाइपसाठी मोठा सायक्लोन मागताहेत. त्या मंडळींनी तो आणलासुद्धा, लहानाचंच माप दुप्पट करून. ते तसं चालत नाही. ब्लोअर हवा भरपूर हलवतो, पण त्याचा दाब व्हॅक्यूमच्या मानाने फारच थोडा असतो. अरुंद खिडकीच्या सायक्लोनमध्येच तो खर्ची पडतो आणि यंत्राच्या तोंडाशी ओढ उरत नाही. खिडकी आणि बाहेरची नळी दोन्ही मोठ्या करून, तरीही बारीक धूळ पकडेल असा आकार आम्ही पत्र्यात करून बघतो आहोत. झाला की पहिला मिस्त्रींकडे जाईल, आणि त्यांचा फिल्टर पाहिल्यावरच विक्रीसाठी पत्रा कापायला घेऊ.